धुरांड्यासमोरचा वर्ग

“मला पाव नकोत, पेवेकर. तुम्ही हवे आहात, एका सकाळपुरते.”

दुपारचा एक वाजला असेल. शाळा सुटली होती आणि आंबेरकर बाई खांद्याला पिशवी अडकवून आमच्या बेकरीच्या काउंटरसमोर उभ्या होत्या. शेजारच्या महापालिकेच्या मराठी शाळेत त्या चौथीला शिकवायच्या. पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. रोज घरी जाताना सहा पाव घ्यायच्या. त्यापलीकडे आमचं कधी बोलणं झालं नव्हतं.

“कशाला, बाई? शाळेत काही कार्यक्रम आहे का?”

“कार्यक्रम नाही. माझ्या वर्गात येऊन बसायचं. सात वीसला शाळा भरते, बारा वीसला सुटते. मधेच उठायचं नाही, एवढीच अट.”

“बसून काय करू?”

“काही करू नका. बसा.”

मला अंदाज आला. धुराच्या तक्रारी आम्हाला नव्या नव्हत्या. समोर नवा टॉवर झाला होता, तिथल्या लोकांनी सह्यांचे अर्ज केले होते. त्यांना तोंड द्यायचं काम माझ्याकडे, आणि माझं उत्तरही ठरलेलं. ही भट्टी माझ्या वडिलांनी पेटवली तेव्हा इथे टॉवर नव्हता. अर्ध्या माझगावच्या चहाबरोबर आमचा पाव लागतो. चौदा माणसं या भट्टीवर जगतात. एवढं ऐकल्यावर बहुतेक जण गप्प व्हायचे, आणि जे व्हायचे नाहीत त्यांना मी धुरांडं उंच करतो असं सांगायचो. सांगून पाच वर्षं झाली होती.

पण बाईंनी तक्रार केलीच नव्हती. त्यामुळे ठरलेलं उत्तर जिभेवर येऊन तिथेच अडकलं. मी हो म्हणून बसलो.

सोळा वर्षं झाली या गोष्टीला. जानेवारी होता. थंडीत मुंबईची हवा जागची हलत नाही, धूर वर जायचं विसरतो आणि गल्लीतच बसून राहतो, ते दिवस.

आम्ही दोघे भाऊ. इस्माईलभाई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी थोरले. अब्बांच्या माघारी भट्टी त्यांच्या हातात आणि गिऱ्हाइकं, कागदपत्रं माझ्या. भट्टी विटांची, घुमटासारखी, दोन हात जाड भिंतींची. शेहेचाळीस वर्षांत ती एकदाही पुरती थंड झाली नव्हती. ईदच्या दिवशीसुद्धा भाई आत निखारे राखून ठेवायचे. पूर्वी तिला जंगलातलं लाकूड लागायचं. ते मिळेनासं झालं तसं आम्ही भंगारातलं घ्यायला लागलो. पाडलेल्या चाळींची दारं, खिडक्या, प्लायवूड, सामानाच्या पेट्या. दर गुरुवारी कुर्ल्याहून टेम्पो भरून यायचा. रंगासकट, सनमायकासकट सगळं आत जायचं. पाव मात्र असा फुलायचा की लोक नाव काढायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाईंना न सांगता शाळेत गेलो.

मी त्याच शाळेत शिकलेलो. तेव्हा ती दोन मजल्यांची होती, तिसरा नंतर चढवला. त्या तिसऱ्या मजल्यावर मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. वर्गात शिरलो आणि खिडकीपाशी थांबलो. बारा-पंधरा हातांवर आमचं धुरांडं होतं. त्याचं तोंड खिडकीच्या जरासं खाली, वर्गाकडे वळून बघत असल्यासारखं. जन्मभर मी ते खालून मान वर करून बघितलं होतं. खालून ते उंच वाटायचं.

खिडक्या बंद होत्या आणि फटींमध्ये वर्तमानपत्राच्या घड्या घट्ट कोंबलेल्या होत्या. एक्केचाळीस मुलं. बाईंनी मला शेवटच्या बाकावर बसवलं. गुडघे आत जाईनात, म्हणून मी आडवा बसलो.

“हे पेवेकर काका. आज आपल्याबरोबर बसणार आहेत.”

“बेकरीवाले काका,” कुणीतरी हळूच म्हटलं. मुलांनी एकदा वळून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फळ्याकडे तोंडं केली.

दोन तास गणितात गेले. सव्वानऊला दुपारच्या पावासाठी भट्टीत लाकूड पडतं, हे मला घड्याळ न बघताही कळायचं. धुरांड्यातून आधी राखाडी धूर आला, मग पिवळट, मग काळा. वर न जाता तो आडवा पसरला आणि खिडकीच्या काचांना येऊन टेकला. वर्गात अंधारून आलं. बाईंनी शिकवणं न थांबवता हात लांबवून ट्यूबलाइट लावली. रोजची सवय असावी असा तो हात गेला. मग वर्तमानपत्राच्या घड्यांमधून वास आत आला. मी त्या वासात वाढलो होतो, पण तो इथे असा लागेल याची मला कल्पना नव्हती. भट्टीपाशी धूर वर निघून जातो. तो कुठे पोचतो हे बघायला आमच्यापैकी कुणी कधी गेलं नव्हतं.

माझ्या पुढच्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, “आज प्लायवूड.”

“प्लायवूड नाही. प्लायवूडचा वास गोड असतो. आज रंगाचं दार आहे. डोळे बघ कसे चुरचुरतायत.”

“वह्या काढा,” बाई म्हणाल्या.

त्या गुरुवारच्या टेम्पोत लाल रंगाची दारं आली होती. मीच ती मागच्या भिंतीला लावून घेतली होती.

मग मराठीचा तास सुरू झाला. बाईंनी प्रणोती नावाच्या मुलीला उभं केलं. दोन वेण्या, पुस्तक छातीशी धरलेलं. धडा कुठल्याशा नावाड्याचा होता. ती वाचायला लागली. “नदीच्या काठी एक...” थांबली. खांदे वर उचलले गेले. “...म्हातारा नावाडी...” पुन्हा थांबली. दोन शब्द, तीन शब्द, मग खांदे वर. अख्खा वर्ग गप्प बसून वाट बघत होता. कुणी हसलं नाही, कुणी पुढचा शब्द सांगितला नाही. एक परिच्छेद वाचायला तिला एवढा वेळ लागला की मला बसल्या जागी अवघडल्यासारखं झालं.

मधल्या सुट्टीत बाई माझ्याजवळ आल्या. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, “ती मुलगी वाचनात जरा मागे आहे का?”



“वर्गात सगळ्यांत चांगलं तीच वाचते, पेवेकर. तिला शब्द सगळे येतात. श्वास पुरत नाही.”

त्यांनी कपाट उघडलं. खडूंच्या खोक्याशेजारी एक प्लास्टिकचा डबा होता. त्यात दम्याचे पंप होते, सात. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून मुलाचं नाव लिहिलेलं.

“सगळं तुमच्यामुळे आहे असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “खाली रस्ता आहे, गाड्या आहेत, टॉवरच्या कामाची धूळ वर्षभर खाल्ली आम्ही. डॉक्टरही म्हणतात की एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. पण सव्वानऊला जे येतं ते तुमचं आहे.”

बारा वीसची घंटा होईपर्यंत मी बसलो. बाहेर पडताना विचारलं, “बाई, मला आणखी काही सांगायचं नाही का?”

“नाही. तुम्ही दिलेला शब्द पाळलात. आता घरी जा.”

मी घरी गेलो नाही, बेकरीत गेलो. भाई भट्टीच्या तोंडाशी उभे होते, लांब दांड्याच्या फळीने पावाचे ट्रे बाहेर ओढत होते. बनियन घामाने ओलं, कपाळावर मैदा.

“कुठे होतास?”

“शाळेत.” मग मी जे होतं ते सरळ बोलून टाकलं. “भाई, लाकडाची भट्टी बंद करायची. गॅसची लावायची.”

भाईंनी फळी भिंतीला टेकवली. “ती कुठे लावणार? तुझ्या डोक्यावर?”

तीच खरी अडचण होती. जागा चिंचोळी. नवी भट्टी यायची तर आधी जुनी फोडायला हवी. म्हणजे दोन्ही चालवून बघू, जमलं तर ठेवू, असं करता येणार नव्हतं. फोडणं, नवी बसवणं, परवानग्या, कमीत कमी तीन आठवडे पाव बंद. हॉटेलवाले तीन दिवसही थांबत नाहीत.

“तीन आठवडे गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं की ते तिकडचंच होतं,” भाई म्हणाले. “आणि गॅसच्या पावाला चव नसते. चौदा माणसांना काय सांगशील? येडा झालास का तू?”

“भाई, एकदा त्या वर्गात बसून या.”

“मला कामं आहेत.”

त्या दिवशी तेवढ्यावर राहिलं. मी मधला रस्ता काढला. सव्वानऊचं पेटवणं पुढे ढकललं, शाळा सुटल्यावर साडेबाराला भट्टी पेटवायची. कारागीर कुरकुरले, दुपारचा पाव तीन तास उशिरा निघायला लागला, दोन हॉटेलांचे फोन आले. मला वाटलं, तरी निभावलं. चौथ्या दिवशी बाई पाव घ्यायला आल्या तेव्हा मी जरा ऐटीतच म्हटलं, “बाई, आता सकाळी धूर येत नाही ना?”

“नाही येत. माझ्या मुलांच्या वतीने आभार.” मग पिशवीत पाव ठेवत त्या म्हणाल्या, “दुपारी त्याच खोलीत उर्दू माध्यमाची चौथी भरते. त्यांच्या बाई माझ्यासारख्या भांडखोर नाहीत, एवढाच फरक.”

मी खाली बघितलं. या गल्लीतली आमची पोरं तिथेच जातात. मधला रस्ता नव्हताच.

त्या आठवड्यात मी रोज भाईंशी एकच वाक्य बोललो. सकाळी, जेवताना, मैद्याची पोती मोजताना. “भाई, भट्टी बदलायची.” ते कधी रागावले, कधी न ऐकल्यासारखं केलं. माझी बायको जैनब म्हणाली, “भाईंना एवढं टोचू नका, ते थोरले आहेत.” मी म्हटलं, थोरले आहेत म्हणूनच त्यांना टोचतोय, ते हो म्हणाल्याशिवाय मी वीट हलवणार नाही.

रविवारी दुपारी बेकरीत शांतता होती. भाई माळ्यावर पोती बघायला गेले, मी मागोमाग गेलो. तो माळा भट्टीच्या बरोबर वर. आता तिथे मैदा आणि साखर, पण आम्ही लहान असताना आमचं घर तिथेच होतं. बारा पायऱ्यांचा लाकडी जिना. भाई वर पोचले आणि पोत्यावर बसून राहिले. बोलायला त्यांना मिनिटभर लागलं. आयुष्यात त्यांनी कधी विडी ओढली नव्हती.

“भाई, एक सकाळ या वर्गात. फक्त बसा.”

“मला बघायची गरज नाही.”

“बघितल्याशिवाय कसं...”

“मला माहीत आहे, नजीर.”

“काय माहीत आहे?”

ते खाली बघत होते. फळ्यांच्या फटींतून भट्टीची ऊब वर येत होती.

“अम्मा गेली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. तुला काय सांगितलं होतं?”

“दमा होता तिला. तिच्या माहेरचा.”

“तिच्या माहेरी कुणाला दमा नव्हता. मामा साठीतसुद्धा नारळाच्या झाडावर चढायचे.”

मी समोरच्या पोत्यावर बसलो.

“हॉस्पिटलात अब्बांबरोबर मी गेलो होतो,” भाई म्हणाले. “वीस वर्षांचा होतो. डॉक्टर म्हणाले, यांना धुरापासून लांब ठेवा, नाहीतर या टिकणार नाहीत. म्हणून तिला दापोलीला, माहेरी पाठवलं. दोन महिने राहिली. विहिरीचं पाणी काढायची, चालत बाजाराला जायची. मामांनी पत्र टाकलं की ताई पहिल्यासारखी झाली. पण तुझ्याशिवाय तिचा जीव रमेना, म्हणून परत आली. इथे, या माळ्यावर. मग अब्बांनी मला विचारलं, काय करू या, भट्टी काही दिवस विझवू या का. मी मोठा मुलगा, मला विचारलं.”

त्यांनी पोत्यावरचा मैदा हाताने झटकला.

“मी म्हटलं, विझवली तर खायचं काय. अब्बा काही बोलायच्या आधी मीच म्हटलं. चार महिन्यांत गेली ती.”

अम्माची मला एकच आठवण होती. ती भिंतीला पाठ लावून बसलेली असायची, झोपलेली कधी नाही. मला वाटायचं, आया अशाच बसून झोपतात.

“तू म्हणतोस, तीन आठवडे बंद ठेवू, गॅसची लावू, निभावून नेऊ,” भाई म्हणाले. “नेशीलही. तू करशील, मला माहीत आहे. पण आता निभावतं म्हणजे तेव्हाही निभावलं असतं. ते मला बघायचं नाही, नजीर. तेहतीस वर्षं मी ही भट्टी थंड होऊ दिली नाही ती काय पावासाठी?”

खाली रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांचा गुडघा धरला.

“भाई,” मी म्हटलं, “उद्यापासून मी आत लाकूड टाकू देणार नाही. तुम्ही मला मारा, बेकरी वाटून घ्या. पण टाकू देणार नाही.”

ते भिंतीचा आधार घेऊन उठले.

“पाणी मारू नकोस,” ते म्हणाले. “निखारे आपोआप विझू दे. पाण्याने विटा तडकतात.”

“फोडायचीच आहे ना, भाई?”

“तरी नको.”

निखारे दोन दिवसांत विझले, पण भिंती बुधवारी रात्रीपर्यंत गरम होत्या. भाई अधूनमधून येऊन विटांना तळहात लावून जायचे. गुरुवारी सकाळी गवंडी आले, पहिला घण पडला, तेव्हा ते बाहेर बाकावर बसले होते. तेवढ्यात कुर्ल्याचा टेम्पो आला. लाकूड नको असं सांगायचं मी या धांदलीत विसरलो होतो. मी बाहेर धावलो, पण भाई आधीच उठून टेम्पोपाशी गेले होते.

“आम्हाला लाकूड नको,” ते ड्रायव्हरला सांगत होते.

“आज नको? मग पुढच्या गुरुवारी?”

“पुढच्या पण नको. भट्टी विझवली आम्ही.”

ड्रायव्हरला ते खरं वाटेना. त्याने आत डोकावून बघितलं, फुटलेल्या विटा बघितल्या, मग खांदे उडवले. “ठीक आहे, चाचा. मागच्या गल्लीत हनीफ सेठच्या बेकरीत उतरवतो. ते घेतात.”

टेम्पो मागे वळला. वर हिरव्या रंगाची दारं होती, एकावर घराचा नंबर तसाच. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत भाई बघत उभे राहिले.

पुढचं थोडक्यात सांगतो. तीन आठवड्यांचे पाच झाले. दोन कारागीर दुसरीकडे गेले. सात हॉटेलांपैकी तीन परत आली, चार कधीच नाहीत. जुन्या गिऱ्हाइकांनी नवा पाव खाऊन तोंडं वाकडी केली. त्यांचं चुकलंही नव्हतं, त्या पावाला धुराचा खरपूस वास नव्हता. पहिलं वर्ष आम्ही कसंबसं काढलं. बाईंनी फेब्रुवारीत वर्तमानपत्राच्या घड्या काढल्या आणि आमच्या बाजूच्या खिडक्या उघडल्या. रस्त्याच्या बाजूच्या बंदच ठेवाव्या लागल्या. पंपांचा डबा कपाटात तसाच होता. एक भट्टी विझली म्हणून मुंबईची हवा सुधारत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

भाईंना त्याच वर्षी मी छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांची फुप्फुसं निम्मीच काम करत होती. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं सिगारेट ओढता. भाई म्हणाले, मी पाव भाजतो.

पण नवी भट्टी सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, एका सकाळी नऊच्या सुमाराला, भाईंनी पांढरा सदरा घातला आणि मला म्हणाले, “चल.”

“कुठे?”

“हनीफकडे.”

मागची गल्ली पाच मिनिटांवर. आम्हाला वीस लागली. भाई दोनदा थांबले, एकदा विजेच्या खांबाला धरून, एकदा पानाच्या टपरीवर. हनीफ सेठने खुर्ची दिली, चहा मागवला. भट्टी कशी चालली, गॅस परवडतो का, हे त्याने मला विचारलं. मी आकडे सांगायला लागलो तर भाईंनी हाताने मला थांबवलं.

हनीफने त्या दिवशी ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. भाई पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. मग डॉकयार्डच्या बाजूच्या बेकरीत गेले, मग भायखळ्याला. त्यानंतर सात वर्षं जगले, शेवटची दोन ऑक्सिजनच्या नळीवर, आणि तोपर्यंत आमच्या भागातल्या सहा भट्ट्यांपैकी तीन विझल्या होत्या. हनीफची तिसरी. सोबत दर वेळी मी असायचो. दर वेळी ते आधी पाणी मागायचे, श्वास जागेवर येईपर्यंत समोरच्याला थांबायला लावायचे, आणि जे तेहतीस वर्षांत घरातल्या माणसालाही सांगितलं नव्हतं ते परक्या माणसाला सांगायला लागायचे.

“माझी आई अडतिसाव्या वर्षी गेली,” ते म्हणायचे. “मी भट्टी विझवू दिली नाही म्हणून गेली. आता तुझ्या माळ्यावर कोण राहतं ते सांग.”